दुसरं बाळंतपण, ३८ वा आठवडा आणि रविवारी नेरुळला मॅच: जावं का?

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. बायकोचं दुसरं बाळंतपण आहे. येत्या रविवारी ३८ आठवडे ४ दिवस होतील. त्याच संध्याकाळी साडेसातला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर बाद फेरीची मॅच आहे आणि तिकीट हातात आहे. घर कासारवडवलीला, नाव नोंदवलेलं हॉस्पिटल पाचपाखाडीला. थोरली मुलगी चार वर्षांची. तिच्या वेळी नॉर्मल झालं होतं, कळा सुरू झाल्यापासून साधारण सहा तासांत. या खेपेला बीपी, शुगर, सोनोग्राफी सगळं ठीक आहे. बायको म्हणते, "जाऊन या, अजून दहा दिवस आहेत." सासूबाई साताऱ्याहून पुढच्या आठवड्यात येणार, म्हणजे रविवारी घरी या दोघीच.

मॅचला जाणं कितपत धोक्याचं आहे? फोन आला तर स्टेडियममधून हॉस्पिटलला पोचायला खरोखर किती वेळ धरावा? आणि ओळखीतले दोघे-तिघे सांगतात की शुक्रवारी कळा आणायचं जेल लावून घ्या, मॅचच्या आत मोकळे व्हाल. असं करतात का?

लेबर_रूम_सिस्टर

दहा दिवसांचा हिशोब आधी सोडून द्या. तारीख काढतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवून. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. ३७ आठवडे भरले की पुढचा प्रत्येक दिवस बाळंतपणाचा असू शकतो.

तुमच्या माहितीत मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे: पहिल्या वेळी सहा तास. पहिलटकरणीला गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरच पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात, आणि त्याआधीच्या बारीक कळांचा काळ वेगळा. तुमच्याकडे पहिलीच खेप सगळी धरून सहा तासांत झाली. दुसऱ्या वेळी शरीराला वाट माहीत असते, तोंड पातळ होणं आणि उघडणं बरोबरच होतं आणि शेवटचा जोर देण्याचा टप्पा कित्येकदा चार-सहा कळांत संपतो. पहिलं बाळंतपण लवकर झालेल्या बाईचं दुसरं दोन-तीन तासांत होणं आम्हाला नवल वाटत नाही.

त्यामुळे कळा पाच मिनिटांवर येईपर्यंत घरी थांबा, हा जो नियम सगळीकडे वाचायला मिळतो तो पहिलटकरणीसाठी आहे. तुमच्या घरी दर दहा मिनिटांनी नियमित कळ यायला लागली की हॉस्पिटलला फोन आणि लगेच निघायचं. मोजायचं एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. चालल्यावर, पाणी प्यायल्यावर, कूस बदलल्यावर थांबतात त्या खोट्या कळा. कंबरेतून पोटाकडे येतात, वाढत जातात आणि बोलणं तोडायला लावतात त्या खऱ्या.

काही गोष्टींत कळांची वाटच पाहायची नाही. पाणी गेलं तर वेळ लिहून ठेवायची, पॅड लावायचं, रंग बघायचा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटात शी केलेली असते, मग एक मिनिटही घालवायचं नाही. दुसऱ्या वेळी बाळाचं डोकं पुष्कळदा कळा सुरू होईपर्यंत वरच तरंगत असतं. अशात पाणी गेलं तर नाळ खाली सरकण्याची भीती असते, म्हणून चालत फिरायचं नाही, डाव्या कुशीवर झोपवून न्यायचं. नाळ हाताला लागली किंवा दिसली तर गुडघे आणि कोपरांवर ओणवं करायचं, कंबर वर, डोकं खाली. नाळ आत ढकलायची नाही, १०८ ला फोन करायचा. अंगावरून लाल रक्त जाणं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकणं, यातलं काहीही झालं तर तडक हॉस्पिटल.

आता शुक्रवारच्या जेलबद्दल. मॅचसाठी नाहीच. मुहूर्तासाठीही नाही. ३९ आठवड्यांच्या आधी कारण नसताना काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. फुप्फुसातलं पाणी वेळेवर शोषलं जात नाही, बाळ धापा टाकतं आणि काचेत ठेवावं लागतं. आणि तोंड तयार नसताना जेल लावलं तर कळा धरायला चोवीस तास किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकतात. शुक्रवारी सकाळी लावलेलं जेल शनिवारी रात्रीपर्यंत लांबेल, आणि तुम्ही रविवारी स्टेडियममध्ये असाल तेव्हा बाळंतीण ताज्या टाक्यांनी वॉर्डात असेल. त्यात मोकळं काय होणार?

मला विचाराल तर जाऊ नका. याचं कारण मॅच किती मोठी किंवा छोटी, हे नाही. घरात दुसरं मोठं माणूस नाही आणि बाळंतपण वेगाने होण्याची शक्यता आहे, हे कारण आहे.

नेरुळ_सेक्टर_सात

सिस्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली, मी रस्त्याची सांगतो. इथल्या मॅचच्या दिवसांची गर्दी आणि बंद रस्ते चांगले माहीत आहेत.

आतून हॉस्पिटलपर्यंतचा वेळ तुम्ही कधी उठता यावर पूर्ण बदलतो. पहिल्या डावात किंवा दुसऱ्याच्या पहिल्या दहा षटकांत उठलात तर जिने, फाटक आणि बाहेरचा रस्ता मोकळा असतो. शेवटचा चेंडू पडल्यावर उठलात तर चाळीस-पंचेचाळीस हजार माणसं एकदम सर्व्हिस रोडवर येतात आणि पहिल्या एका किलोमीटरलाच अर्धा-पाऊण तास जातो. रिक्षा मिळत नाही, अ‍ॅपवरच्या टॅक्सीवाल्यांना आत येता येत नाही, ते हायवेपलीकडून राइड रद्द करतात.

रेल्वेने: सीटपासून फाटक दहा मिनिटं, नेरुळ किंवा जुईनगर स्टेशनपर्यंत चालत वीस-पंचवीस, गाडीची वाट दहा-पंधरा, ठाण्यापर्यंत साधारण अर्धा-पाऊण तास, पुढे पाचपाखाडीला रिक्षा दहा-पंधरा. म्हणजे गर्दी नसतानाही दीड तासाच्या आत नाही. ठाण्याला जाणारी गाडी पनवेल-ठाणे असते, ती तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीवरून जाते. पाटीवर वाशी किंवा सीएसएमटी असलेली घाईत पकडू नका. रविवारचा मेगाब्लॉक ट्रान्स हार्बरवर (याच ठाणे मार्गावर) असेल तर तो साधारण अकरा ते चार-साडेचार असतो, म्हणजे जाताना अडचण, येताना नाही. शेवटची ठाणे गाडी कितीची ते शनिवारीच बघून ठेवा.

रस्त्याने: सायन-पनवेल हायवेवरून ठाणे-बेलापूर रोड, मग ऐरोली पूल ओलांडून मुलुंडमार्गे ईस्टर्न एक्सप्रेस, किंवा सरळ दिघा-विटावा-कळवा. रात्री पहिला मार्ग घ्या. विटाव्याला रेल्वेपुलाखाली रस्ता दबलेला आहे, पाऊस झाला की तिथे पाणी साचतं आणि एक बंद गाडी दोन्ही बाजू अडवते. ऐरोली आणि आनंदनगरच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही, तिथे थांबणं वाचतं. रस्ता मोकळा असेल तर पाऊण ते एक तास. पण मोटार स्टेडियमजवळ लावलीत तर ती बाहेर काढणं हेच मुख्य काम. लावायचीच तर शिरवणे-जुईनगरच्या बाजूला, तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून.

आता खरी अडचण: फोन. एवढ्या माणसांत नेटवर्क दबतं. टॉसच्या आसपास, दोन डावांच्या मधल्या वेळेत आणि शेवटच्या चार-पाच षटकांत व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाही, साधा कॉल कधी लागतो, कधी नाही, एसएमएस उशिरा येतो. आवाज इतका असतो की रिंग ऐकू येत नाही, कंपनही खिशात कळत नाही. पॉवर बँक, बॅग, पाण्याची बाटली बहुतेक मॅचना आत नेऊ देत नाहीत, आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत सोडत नाहीत. म्हणजे "बाहेर जाऊन फोन करून येतो" हा मार्गही नाही.

आणि वेळापत्रकावर विसंबू नका. याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषकाची अंतिम मॅच पावसाने तीनची पाचला सुरू झाली आणि भारत ५२ धावांनी जिंकला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. साडेसातच्या मॅचला दोन तास उशीर झाला तर शेवटची लोकल विसराच.

मैदानावरचा

या विषयावर खेळाडूंची उदाहरणं हमखास दिली जातात, आणि ती अर्धवट दिली जातात, म्हणून लिहितो.

धोनीचं नाव आधी घेतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुलगी झाली तेव्हा तो विश्वचषकासाठी ऑस्ट्रेलियात होता आणि थांबला. तो संघाचा कर्णधार होता, स्पर्धा तोंडावर होती आणि इकडे घरी सगळं कुटुंब हजर होतं. गावसकरांना मुलगा झाला तो फेब्रुवारी १९७६ मध्ये, न्यूझीलंड दौरा चालू असताना, आणि त्यानंतर लगेच वेस्ट इंडिजचा दौरा होता. ते संघाबरोबरच राहिले.

कोहलीने २०२०-२१ च्या दौऱ्यात वेगळं केलं. अ‍ॅडलेडची कसोटी १९ डिसेंबरला संपली, त्यात भारत ३६ वर गडगडला होता, तरी तो ठरल्याप्रमाणे परतला. मुलगी ११ जानेवारीला झाली, म्हणजे तो तीन आठवडे आधीच घरी होता. योगायोग असा की त्याच दिवशी सिडनीत विहारी आणि अश्विन दुखऱ्या अंगाने कसोटी वाचवत होते. मधल्या काळात रहाणेने मेलबर्नला शतक ठोकून कसोटी जिंकून दिली आणि मालिका भारताने २-१ अशी घेतली. रोहित शर्मा डिसेंबर २०१८ मध्ये मुलीसाठी सिडनीची कसोटी सोडून परतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलाच्या वेळी तो पर्थला नव्हता, बुमराने नेतृत्व केलं आणि भारत २९५ धावांनी जिंकला.

यातून तुमच्या कामाचं एकच निघतं. जे परतले त्यांनी फोन येण्याची वाट पाहिली नाही. ऑस्ट्रेलियाहून फोन आल्यावर निघून पोचता येत नाही हे उघड होतं, म्हणून त्यांनी आधीच ठरवून बाहेर पडायचं निवडलं. तुमचं अंतर दीड तासाचं आहे आणि बाळंतपण दोन-तीन तासांचं असू शकतं. गणित त्यांच्याइतकंच अडचणीचं आहे, फक्त नेरुळ जवळ वाटतं म्हणून ते लक्षात येत नाही. शिवाय त्यांच्या जागी खेळायला राखीव गडी होता. तुमच्या जागी रविवारी घरी कोण आहे, ते तुम्हीच लिहिलं आहे.

कासारवडवलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी बदलल्या आहेत. सासूबाईंना शनिवारी दुपारीच बोलावून घेतलं आहे. आणि आज तपासणीत डॉक्टर म्हणाल्या की तोंड दोन सेंटिमीटर उघडलं आहे, पण कळा नाहीत. दोन सेंटिमीटर म्हणजे आता दोन-तीन दिवसांत होईल असं समजायचं का? सासूबाई असताना मॅचचा विचार परत करता येईल का? आणि ऐन वेळी मी नसलो तर हॉस्पिटलमध्ये नवऱ्याच्या सहीवाचून अडतं का?

लेबर_रूम_सिस्टर

दोन सेंटिमीटरवरून काहीही समजायचं नाही. दुसऱ्या वेळी तोंड आधीपासून थोडं सैल असतंच. अशा बायका दोन आठवडे तशाच हिंडतात आणि काहींचं त्याच रात्री होतं. डॉक्टरांना एवढंच विचारा: डोकं खाली बसलं आहे का? अजून वर असेल तर पाणी गेल्यावर काय करायचं ते वर लिहिलं आहे, ते सासूबाईंना नीट समजावून सांगा, वाचायला देऊन भागणार नाही.

सासूबाई आल्या म्हणजे एक माणूस आलं, पण कामं तीन आहेत: बाळंतिणीबरोबर जाणं, चार वर्षांच्या मुलीला सांभाळणं आणि गाडी चालवणं. सासूबाई लेकीबरोबर गेल्या तर नात कुणाकडे? इमारतीतलं एक घर आत्ताच ठरवा, मुलीला तिथे दोन-तीनदा खेळायला सोडा. रात्री अकराला तिला झोपेतून उठवून अनोळखी घरात ठेवलं तर ती रडेल आणि आईचा जीव तिच्यात अडकेल. आणि चालक असा ठरवा की जो तुम्हाला न विचारता गाडी काढेल. कासारवडवलीहून वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा ओलांडून पाचपाखाडीला रविवारी संध्याकाळी पाऊण तास सहज लागतो. या पाऊण तासात तुमचा फोन लागण्याची वाट पाहत कुणी बसता कामा नये.

गाडीतच किंवा घरीच बाळ बाहेर यायला लागलं तर गाडी कडेला घ्यायची, १०८ ला फोन करायचा. बाळाला ओढायचं नाही, डोक्याला फक्त हाताचा आधार द्यायचा. बाहेर आलं की कोरड्या कपड्याने लगेच पुसायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि दोघांना मिळून पांघरूण घालायचं, डोकंही झाकायचं. नाळ कापायची नाही, वार ओढायची नाही. गाडीत दोन स्वच्छ टॉवेल आणि एक चादर आत्तापासून ठेवा.

सहीबद्दल: सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची संमती पुरेशी असते. हॉस्पिटलं नातेवाइकाचीही सही घेतात, ती सासूबाई करू शकतात. नवरा नाही म्हणून सिझर थांबत नाही. लेबर रूममध्ये नवऱ्याला सोडतात का, हे मात्र आधी विचारा. खासगीत पुष्कळ ठिकाणी सोडतात, ऑपरेशन थिएटरमध्ये बऱ्याच ठिकाणी नाही. सरकारी रुग्णालयांत सोबतीला बाई माणूस चालतं, नवऱ्याला आडोशाची सोय असेल तरच.

मॅचबद्दल माझं मत तेच आहे. सासूबाईंमुळे ती एकटी राहणार नाही, हा मोठा फरक. पण तुम्ही वेळेवर पोचण्याची शक्यता त्याने वाढत नाही. तुम्हाला आत हजर राहायचं असेल तर नेरुळ लांब आहे. बायको "जाऊन या" म्हणाली तेव्हा दहा दिवस आहेत असं धरून म्हणाली. वरचं सगळं तिला वाचून दाखवा आणि मग परत विचारा.

मेडिक्लेम_डेस्क

कागदांचं थोडक्यात, कारण रात्रीच्या भरतीत इथेच वेळ जातो.

एका प्लास्टिक फोल्डरमध्ये: तपासणीची पूर्ण फाइल, शेवटची सोनोग्राफी, रक्तगटाचा रिपोर्ट, दोघांची आधार कार्डं, पॉलिसीधारकाचं पॅन आणि हेल्थ कार्ड. कॅशलेससाठी प्री-ऑथ (विमा कंपनीच्या आगाऊ मंजुरीच्या) फॉर्ममधला डॉक्टरांचा भाग याच आठवड्यात भरून घ्या. अचानक भरती झाली तर बहुतेक पॉलिसींत २४ तासांच्या आत कळवायचं असतं, आणि तो फोन सासूबाईही करू शकतात, फक्त पॉलिसी नंबर हाताशी हवा. रविवारी रात्री टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी संस्था) डेस्क बंद असला तर हॉस्पिटल अनामत मागतं. पैसे तुमच्या एकट्याच्या फोनमधल्या यूपीआयवर ठेवू नका, बायकोच्या कार्डावरही ठेवा. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर बाळाचं नाव ठरावीक मुदतीत एचआरला कळवावं लागतं, ती मुदत आत्ताच विचारा.

बायकोचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर फाइलवर लाल शाईने लिहा. बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं, आणि रविवार-सोमवारच्या धावपळीत ते औषध उपलब्ध आहे ना याची खात्री आधी केलेली बरी. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायची असते, हॉस्पिटल ती महापालिकेला पाठवतं. आई-वडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारप्रमाणे तुम्ही स्वतः तपासून द्या. बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना कोरा ठेवता येतो, वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

कासारवडवलीकर

बायकोला सगळं वाचून दाखवलं. पहिल्या वेळचे सहा तास आणि नेरुळचे दीड तास एकाशेजारी एक ठेवल्यावर तिने तिकिटाचा विषय काढला नाही, मीही नाही. तिकीट ऑफिसातल्या मित्राला देतोय. गाडीत टॉवेल आणि चादर ठेवली, शेजारच्या वहिनींकडे मुलगी आज संध्याकाळी खेळायला जाणार आहे. डोकं अजून वरच आहे असं डॉक्टर म्हणाल्या, त्यामुळे पाणी गेलं तर मागच्या सीटवर डाव्या कुशीवर झोपवायचं हे सासूबाईंना फोनवर सांगितलं, शनिवारी आल्या की परत दाखवतो. एकच राहिलं: मागच्या सीटवर झोपवलं तर सीटबेल्टचं काय करायचं?

लेबर_रूम_सिस्टर

आडवं झोपवल्यावर बेल्ट नीट बसत नाही, म्हणून पाणी गेलं आणि डोकं वर असेल तर तुमच्या गाडीपेक्षा १०८ बरी, तिच्यात स्ट्रेचरला पट्टे असतात. १०८ यायला वेळ लागेल असं कळलं तरच स्वतः निघा, सावकाश चालवा, मागे एक जण धरून बसू दे. नुसत्या कळा असतील, पाणी गेलं नसेल, तर तिला बसवूनच न्या: खालचा पट्टा पोटाच्या खालून मांड्यांवर, वरचा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या कडेने. पोटावरून पट्टा कधीच नाही.